फॉरमॅट मारण्याआधी: घरच्या कॉम्प्युटरची साधी दुखणी

गेल्या पावसाळ्यात चिपळूणहून मामांचा फोन आला. "अरे, बँकेची साइट उघडत नाही. मेल नाही, पेपर नाही, काहीच नाही. जिथे जावं तिथे लाल त्रिकोण. व्हायरस शिरलाय बहुतेक. इथला मुलगा म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायचं."

मी विचारलं, "मामा, स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?"

चष्मा शोधल्याचा आवाज. मग, "एक जानेवारी... दोन हजार सोळा."

एवढंच होतं. सुरक्षित साइट उघडताना ब्राउझर त्या साइटचं प्रमाणपत्र तपासतो आणि त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. मामांचा कॉम्प्युटर २०१६ सालात उभा राहून ते बघत होता. त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. तारीख बदलली आणि चहा गार व्हायच्या आत बँक उघडली.

मी दुरुस्तीवाला नाही. नात्यात आणि सोसायटीत ज्याला "जरा येऊन बघतोस का" म्हणतात, तो मी. ज्यांनी नुकताच कॉम्प्युटर घेतलाय किंवा ज्यांच्या घरी असा "बघणारा" नाही, त्यांच्यासाठी मी स्वतः ज्या क्रमानं बघतो तो क्रम इथे देतोय. यात काही विकत घ्यायचं नाही, काही उडवायचं नाही. उदाहरणं विंडोजची आहेत, कारण बहुतेक घरांत तेच असतं.

पायरी १: आधी वाचा, मग ओके दाबा

"काहीतरी आलं होतं, मी ओके केलं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही. चौकट आली की आधी मोबाइलनं तिचा फोटो काढा. इंग्रजी समजत नसेल तरी चालेल, फोटोतलं वाक्य जसंच्या तसं शोधता येतं.

मग स्वतःला विचारा, परवा चालत होतं ना, मग मधे काय बदललं? नवा राउटर? घराला रंग दिला तेव्हा टेबल सरकवलं? लाइट गेली होती? नातू दोन दिवस राहून गेला? उत्तर बरेचदा इथेच असतं. आणि पुढे जे काही कराल ते एका वेळी एकच करा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर कशानं झालं ते कळत नाही आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून.

पायरी २: "बंद करून चालू केला" म्हणजे नक्की काय केलं?

इथे जवळपास सगळे फसतात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउन म्हटल्यावर कॉम्प्युटर सहसा पूर्ण बंद होत नाही. लवकर चालू व्हावा म्हणून तो आपल्या आतल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलतो. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. म्हणजे कालचा गोंधळ आज सकाळी जसाच्या तसा हजर. रीस्टार्ट मात्र ती जुनी अवस्था सोडून देऊन नव्यानं सुरुवात करतो.

खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू. खाली "अप टाइम" लिहिलेलं दिसेल. रोज रात्री न चुकता शट डाउन करणाऱ्या आमच्या शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपवर तिथे एकोणीस दिवस होते. त्यांना पटेचना. रीस्टार्ट केला आणि गेला आठवडाभर गायब असलेला आवाज परत आला.

तेव्हा शट डाउन नाही, रीस्टार्ट. किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, मग तो खरोखर बंद होतो.

पायरी ३: घड्याळ

तारीख-वेळ बघायला दोन सेकंद लागतात आणि तरीही कोणी बघत नाही. चुकीची असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन हातानं बरोबर करा, आणि टाइम झोनही बघून घ्या. यादीत +०५:३० समोर चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी नावं असतात, ती ओळ निवडायची. झोन चुकीचा ठेवून काटे तेवढे जुळवले तर वरवर वेळ बरोबर दिसते आणि आत घोळ तसाच राहतो.

तारीख पुन्हा पुन्हा मागे जात असेल तर डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा, सेल संपलाय. रुपयाच्या नाण्यासारखा गोल, चपटा, तीन व्होल्टचा. त्याचा नंबर सीआर २०३२, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. आपल्याकडे हा त्रास जास्त दिसतो त्याला कारण आपली सवय. रात्री झोपताना आपण भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करतो. बटण चालू असेल तर आतलं घड्याळ त्या विजेवर चालतं. बंद केलं की सगळा भार या सेलवर. मामांच्या घरी लाइट जायची, वर रोज बटण बंद, आणि सेल कॉम्प्युटर घेतला तेव्हाचाच.

बदलायचा असेल तर आधी पिन भिंतीतून काढा, मग डबा उघडा, सेलची कोणती बाजू वर होती याचा फोटो काढा, कडेची बारीक क्लिप नखानं मागे सारा, सेल उडी मारून वर येतो. नवा लावल्यावर तारीख एकदा घालावी लागते.

ज्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत त्यांच्यासाठी एक गंमत. घड्याळ बरोब्बर साडेपाच तास चुकत असेल तर सेलला दोष देऊ नका. लिनक्स सहसा आतलं घड्याळ ग्रिनिचच्या जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून एवढाच फरक. दोघांपैकी एकाला समजावलं की मिटलं.

लॉग-इन करताना लागणारा सहा आकडी कोड दाखवणाऱ्या मोबाइलवरच्या अ‍ॅपलाही हेच लागू. तो कोड दर ३० सेकंदांनी वेळेवरूनच काढला जातो. मोबाइलचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर कोड "चुकीचाच" येत राहणार.

पायरी ४: वायरी हातानं दाबून बघा

डोळ्यांनी नाही, हातानं. लागलेली दिसणारी पिन आणि बसलेली पिन यांत फरक असतो. एकेक वायर काढून परत घट्ट बसवा. एक्स्टेंशन बोर्ड असेल तर तो बाजूला ठेवून पिन थेट भिंतीत लावून पाहा.

स्क्रीन काळी आणि "नो सिग्नल"? आधी मॉनिटरच्या बटणांतून इनपुट कोणता निवडलाय ते बघा. पुसताना बोट लागून बदलतो. डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनकडे चित्र पाठवणारा भाग) असेल तर मागे मॉनिटरच्या वायरीची भोकं दोन ठिकाणी दिसतात. वरची उभी पट्टी मदरबोर्डची, खालची आडवी कार्डाची. वायर कार्डाला हवी. टेबल सरकवल्यावर नेमकी वर लावली जाते.

लॅपटॉपची स्क्रीन काळी पण पंखा चालू, आणि काल तो टीव्हीला जोडला होता? विंडोजचं बटण आणि पी दाबा. "फक्त दुसरी स्क्रीन" निवडलेली राहिली असेल.

चालू करताना "बूट डिव्हाइस सापडत नाही" असं आलं की लोकांचा धीर सुटतो, हार्ड डिस्क गेली म्हणून. आधी सगळे पेनड्राइव्ह आणि कार्ड काढा. कॉम्प्युटर कधी कधी पेनड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसतो. काढूनही तेच येत असेल तर मात्र विषय खरा आहे.

बिनतारी माउस अडखळतो, उड्या मारतो, सेल नवा घातला तरी तेच? मागे बघा. त्याचा इवलासा रिसीव्हर एखाद्या बाहेरच्या हार्ड डिस्कच्या किंवा यूएसबी ३ पेनड्राइव्हच्या शेजारी लावलाय का? यूएसबी ३ ची वायर आणि जोड २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात खरखर सोडतात, आणि बरेचसे बिनतारी माउस तिथेच बोलतात. चिप बनवणाऱ्या खुद्द इंटेलनं २०१२ मध्ये यावर माहितीपत्र काढलं होतं. रिसीव्हर पुढच्या बाजूला लावा, माउस ताळ्यावर येतो.

आता माझीच फजिती सांगतो. घरी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला होता आणि स्पीड टेस्ट काही केल्या ९४ च्या वर जाईना. सकाळी ९४, मध्यरात्री ९४. मी नेटवाल्याशी तीनदा भांडलो. त्याचा माणूस येऊन राउटरला स्वतःचा लॅपटॉप लावून दाखवून गेला, २९० च्या वर. तरी मी ऐकेना. शेवटी त्यानंच माझ्या कॉम्प्युटरची निळी वायर उचलून टोकाकडे बोट दाखवलं. त्या वायरीत आठ तारा असतात. १०० एमबीपीएससाठी त्यातल्या चारच पुरतात, १००० साठी आठही लागतात. माझ्या वायरीवर टेबलाचा पाय आला होता आणि एखादी तार आत तुटली होती. बिचाऱ्या कॉम्प्युटरनं तक्रार न करता १०० वर उतरून काम चालू ठेवलं होतं. म्हणून लक्षात ठेवा, वेग कमी-जास्त होत असेल तर कारण कुठलंही असू शकतं, पण तो दिवसरात्र ९३ ते ९५ वरच थांबत असेल तर आधी वायर बदला.

नेट अजिबातच चालत नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून कॉम्प्युटर त्याला जोडा. चाललं, तर दोष घरच्या नेटचा. नाही चाललं, तर कॉम्प्युटरचा. आणि एकच साइट उघडत नसेल तर ब्राउझरच्या इनकॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकीत उघडून पाहा. तिथे उघडली तर जुन्या कुकीज (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) किंवा एखादं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेली जादा सोय) आड येतंय.

पायरी ५: पासवर्ड चुकत नाहीये, कीबोर्ड बदललाय

पासवर्ड टाकताना नुसते ठिपके दिसतात, म्हणून हे लपून राहतं. कॅप्स लॉक तर सगळेच बघतात. त्यापुढचं बघा. ज्यांनी मराठी टायपिंग चालू केलंय त्यांच्याकडे डावं ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबलं की भाषा बदलू शकते. पासवर्डाच्या चौकटीतला डोळा दाबून पाहा, किंवा वरती नावाच्या जागी तोच पासवर्ड उघडा टाइप करून बघा, आणि खोडा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबलं की कीबोर्ड परत बदलतो.

ईमेलमधलं अ‍ॅटचं चिन्ह दाबल्यावर दुहेरी अवतरण येतं? कीबोर्ड ब्रिटिश झालाय. त्यात या दोन चिन्हांनी जागा बदललेल्या असतात. जुन्या छोट्या लॅपटॉपवर "के" दाबलं की २ आणि "यू" दाबलं की ४ उमटतो? नम लॉक चालू आहे.

आणि कीबोर्ड मेल्यासारखा झालाय, बटण बराच वेळ दाबल्यावर एक अक्षर उमटतं, असं झालं तर नवा कीबोर्ड आणायला धावू नका. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की विंडोज फिल्टर कीज नावाची सोय चालू करायची का विचारतं. हात थरथरणाऱ्यांसाठी ती फार चांगली आहे, पण आपण तर कीबोर्डवर फाइल ठेवून जेवायला गेलेलो असतो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन बंद करा.

पायरी ६: जागा

सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज जिथे असतं ती डिस्कवरची जागा, काठोकाठ भरला की कॉम्प्युटर "जागा नाही" असं सरळ सांगेलच असं नाही. वर्ड सेव्ह करत नाही, ब्राउझर मिटतो, अपडेट अर्ध्यात थांबतं. अपडेटनं शून्य-एक्स-८००७००७० असा नंबर दाखवला तर ते गूढ काही नाही, डिस्क भरल्याचाच तो नंबर आहे. डाउनलोड्स फोल्डर आकारानुसार लावा. लग्नाचे व्हिडिओ तीन-तीनदा उतरवलेले सापडतील. आणि रीसायकल बिन रिकामी केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. कपाटातलं काढून दारामागे ठेवलं, एवढंच.

उलटाही प्रकार असतो. ३२ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह, सहा जीबीचा व्हिडिओ, आणि कॉम्प्युटर म्हणतो फाइल फार मोठी. पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीनं आखलेला आहे, आणि त्या आखणीत एक फाइल चार जीबीच्या आतच लागते. पेनड्राइव्हमधलं सगळं बाहेर काढून तो एक्सफॅट नावाच्या आखणीत फॉरमॅट करा. (पेनड्राइव्ह हं, कॉम्प्युटर नाही.) फक्त जुना टीव्ही मग तो वाचेलच याची खात्री नाही.

पायरी ७: प्रिंटर

प्रिंटरवर मी जास्त लिहिणार नाही, माझा रक्तदाब वाढतो. दोनच गोष्टी. राउटर किंवा वाय-फायचा पासवर्ड बदलला असेल तर प्रिंटरलाही तो नव्यानं सांगावा लागतो; तो बिचारा अजून जुनं नाव शोधतोय आणि कॉम्प्युटर त्याला ऑफलाइन म्हणतोय. आणि प्रिंट दिल्यावर कागद न येता "कुठे सेव्ह करू" असं विचारलं जात असेल, तर प्रिंट पीडीएफकडे चाललीय. विंडोज शेवटी वापरलेला प्रिंटरच पुढच्या वेळी मुख्य धरतं. सेटिंग्जमध्ये ती आपोआपची खूण काढा आणि आपला प्रिंटर कायमचा मुख्य करा.

पायरी ८: मराठी फाइल "करप्ट" झाली

सोसायटीची जुनी नियमावली, आजोबांनी टाइप करून घेतलेलं आत्मवृत्त, शाळेच्या प्रश्नपत्रिका. नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली आणि पानभर अर्थहीन इंग्रजी अक्षरं. फाइलला काही झालेलं नाही, कृपा करून डिलीट करू नका.

युनिकोड (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधी मराठी टायपिंग कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटांत व्हायचं. त्यात फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवली जात आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवी. कृतिदेवमध्ये "मराठी" हा शब्द म्हणजे ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरं. फाँट नसेल तर ती उघडी पडतात. वर्डमध्ये मजकुरावर क्लिक करा. वरच्या फाँटच्या चौकटीत मूळ नाव अजून दिसतं. तो फाँट टाकला की पान जिवंत होतं. मग मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, नाहीतर पुढच्या कॉम्प्युटरवर हेच रडगाणं. जोडाक्षरं आणि रफार मात्र नजरेखालून घाला, तिथे कन्व्हर्टर घसरतात.

कुठे थांबायचं

हार्ड डिस्कमधून टकटक येतेय, लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आलाय, जळका वास येतोय, तर बंद करा आणि जाणकाराकडे न्या. यूट्यूब बघून प्रयोग नकोत.

आणि स्क्रीनभर "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं, भोंगा वाजायला लागला, तर ते फक्त एक वेबपान आहे. कॉम्प्युटर कुठलाच नंबर देऊन फोन करायला सांगत नाही. एस्केप दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोन झालाच असेल आणि पैसे गेले असतील तर लाज न वाटून घेता तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

हे सगळं करूनही दुकानात द्यायची वेळ आलीच, तर देण्याआधी दोन कामं. डेस्कटॉपवरच्या आणि डाउनलोड्समधल्या फाइलीसुद्धा हव्या आहेत हे लिहून द्या, तोंडी नको. आणि लॅपटॉप नव्या विंडोजचा असेल तर डिस्क कुलूपबंद असण्याची बरीच शक्यता आहे. आत काही भाग बदलला की तो सुरू होताना निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली सापडते. लॅपटॉप चालू असतानाच ती उतरवून घ्या, वहीत, पेननं.